प्रथिनं किती आहेत, आणि कुठल्या अवस्थेत आहेत?

तुझं पत्र वाचलं. रसायनशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष. सरांनी प्रकल्पाला विषय सुचवलाय: ‘प्रक्रिया केलेल्या मासे-मांसातील प्रथिनांच्या गुणवत्तेवर अ‍ॅडिटिव्ह आणि साठवणुकीचा परिणाम’. आई म्हणते, जन्मभर माशांच्या वासात बसणार का? मैत्रीण म्हणते, ही तर केमिकल घालणाऱ्यांची चाकरी. आणि तुला विचारायचंय, की यातून पुढे काही करिअर आहे, की हे नुसतं वर्ष उरकण्यापुरतं?

आईचं आधी घेऊ. वास असतोच, शीतगृहात बोटं बधिर होतात तीही होतात. पण माणसं वासाने पळत नाहीत, कंटाळ्याने पळतात. नोकरीची पहिली एक-दोन वर्षं नमुन्यांना लेबलं लावण्यात, तापमानाच्या नोंदी ठेवण्यात आणि तीच चाचणी तीन-तीनदा करण्यात जातात. त्याची तयारी नसेल तर सरांना आत्ताच दुसरा विषय माग.

तयारी असेल तर पुढे वाच. शीर्षकातला सगळ्यात निसरडा शब्द आहे ‘गुणवत्ता’, आणि बहुतेक मुलं तिथेच घसरतात. प्रथिनं मोजायची म्हटली की सगळे केल्डाल या शास्त्रज्ञाच्या पद्धतीकडे धावतात. पद्धत 1883 ची, आजही भरवशाची. पण ती मोजते नायट्रोजन, आणि त्याला बहुधा 6.25 ने गुणून आपण प्रथिनांचा आकडा काढतो. ताजा मासा आणि फ्रीझरमध्ये वर्षभर पडून दोरखंडासारखा झालेला मासा, दोघांचा केल्डाल आकडा जवळपास सारखाच येईल. मग बिघडलं काय?

बिघडली ती प्रथिनांची रचना. उणे 18 अंशांनाही स्नायूतलं थोडं पाणी द्रवच राहतं. बर्फ होत जातो तसं उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, मायोसिन या स्नायूतल्या मुख्य प्रथिनाचे रेणू उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. कॉड, हेक यांसारख्या माशांत आणखी एक भानगड असते. त्यांच्यातल्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचे एका विकरामुळे तुकडे होतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं आणि तेच प्रथिनांना टाके घालतं. मासा चिवट लागतो, पाणी सोडतो. तरी त्यातली अमिनो आम्लं बरीचशी शाबूत असतात. म्हणजे पोषण फारसं गेलेलं नाही, पण पदार्थ गेला. उलट जास्त तापमानाला लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी जोडलं गेलं, की पदार्थ छान तांबूस दिसतो आणि पोषण मात्र घटतं. ‘गुणवत्ता’ या एका शब्दात ही दोन वेगळी माणसं राहतात. तुझ्या प्रकल्पात त्यातलं कोण आहे, ते पहिल्या पानावर लिही.

आता मैत्रिणीच्या ‘केमिकल’कडे. सुरिमी म्हणजे धुतलेल्या माशाचा लगदा. तो गोठवला की त्याची जेल धरण्याची ताकद जायची. 1960 च्या सुमारास जपानमध्ये होक्काइदोतल्या संशोधकांना सापडलं, की गोठवण्याआधी त्यात साखर मिसळली तर प्रथिनं टिकतात. पुढे साखरेबरोबर सॉर्बिटॉल हा गोडसर पदार्थ आणि चिमूटभर फॉस्फेट आलं. ग्लुकोज का नको? कारण तो लायसिनशी भिडून लगदा तपकिरी करतो. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, आणि सॉर्बिटॉल तसे भिडत नाहीत. मला विचारशील तर या एका निवडीत अख्खा अभ्यासक्रम आहे. मांस टिकवायला घालतात त्या नायट्राइट क्षाराचं प्रकरण मात्र मैत्रिणीला थोडं झुकतं माप देणारं आहे. ते बोट्युलिनम या विषारी जंतूला रोखतं, मांसाला गुलाबी ठेवतं, पण अमाइन्सशी संयोग होऊन नायट्रोसामाइन्स ही कर्करोगाशी जोडलेली संयुगंही बनू शकतात, म्हणून ते रोखायला जोडीला अ‍ॅस्कॉर्बेट (क्‍ जीवनसत्त्वाचा क्षार) घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून नोंदवलं. हे धोके मोजणारी माणसंही तुझ्यासारखीच रसायनशास्त्र शिकलेली असतात, हे तिला सांग.

प्रकल्प लहान ठेव. एकच मासा, एकच अ‍ॅडिटिव्ह, साठवणुकीचे चार कालावधी, आणि काहीही न घातलेला नमुना सोबत. खूप चाचण्यांचा मोह नको. क्षारद्रावात किती प्रथिन विरघळतं ते बघ आणि एलमनच्या अभिक्रियाकाने (गंधकाच्या गटांशी रंग देणारं रसायन) प्रथिनांतले मोकळे सल्फहायड्रिल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचे, गट मोज (412 नॅनोमीटर, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो). त्याआधी घरी एक कर: माशाचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घे, एक तासभर मिठाच्या सौम्य पाण्यात ठेव, दोन्ही पुन्हा तोलून वेगवेगळ्या पिशव्यांत गोठव. दोन आठवड्यांनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू दे आणि पिशवीत साठलेलं पाणी तोल. तो आकडा बघून तुला ‘का’ विचारावंसं वाटलं नाही, तर हा विषय तुझा नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण सहा महिने वाचतील.

करिअरचं म्हणशील तर वाटा तीन दिसतात. कारखान्यातला गुणवत्ता विभाग, जिथे शिरकाव सोपा आणि पुढे जायला सूक्ष्मजीवशास्त्र लागतंच. नवं उत्पादन घडवणारा विभाग, जिथे अन्नतंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते. आणि नियमन व तपासणी, जिथे अहवाल नीट लिहिता येणं ही निम्मी पात्रता. तुझं पत्र सुटसुटीत आहे, म्हणून मला तिसरी वाट तुझ्यासाठी जास्त शक्य वाटते; पण एवढ्याशा पत्रावरून केलेला हा अंदाज आहे. संख्याशास्त्र मात्र तिन्हीकडे लागेल, ते टाळू नकोस.

सरांना होकार कळवण्याआधी एकदा प्रयोगशाळेतल्या फ्रीझरपाशी जाऊन ये. त्याचं तापमान कोण नोंदवतं, किती वेळा, आणि वीज गेली की काय होतं, ते विचार. नोंदवहीच नसेल, तर प्रकल्पाचा पहिला आठवडा ती सुरू करण्यात घालव.