जिनिंगच्या सर्व्हरवर रेड-५ चा लिहायचा वेग ४० एमबीवरच अडकलाय, कॅश किती वाढवू?

तुमचा सेटअप असा आहे: राळेगावकडची जिनिंग, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि वजनकाट्याचा डेटा एकाच लिनक्स मशीनवर, ४ टीबीच्या चार डिस्क, एमडीएडीएमचं (लिनक्समधलं डिस्का एकत्र जोडायचं साधन) रेड-५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी. वाचायचा वेग चांगला, लिहायचा मात्र सेकंदाला ४० एमबी. आणि लाइन दिवसातून तीनदा जाते.

भाऊ, कॅशला हात लावायच्या आधी प्रोकमधली एमडीस्टॅट फाइल पहा. लाइन गेल्यावर मशीन धाडकन बंद पडली असेल तर तिथे रिसिंक (डिस्कांवरचा डेटा परत जुळवणं) चालू दिसेल. ते संपेपर्यंत कोणताही आकडा मोजू नका. त्याच फाइलमध्ये कंसात चार यू हवेत, डिस्कला एक. एकाच्या जागी खाली रेघ असेल तर डिस्क बाहेर पडलीय, आधी ती बदला.

हे ठीक असेल तर अडचण बहुतेक स्ट्राइप कॅशची, म्हणजे पट्ट्या लिहिण्याआधी जिथे जमतात त्या मेमरीची. ५१२ केबीच्या चंकनं (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) तुमची पूर्ण पट्टी तीन डिस्कांची, म्हणजे १५३६ केबी. पट्टी पूर्ण जमली तर पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशेब, चौथ्या डिस्कवर जाणारा) मेमरीतच निघते. अर्धवट असली तर जुना डेटा, कधी जुनी पॅरिटीही, डिस्कवरून वाचून मग लिहावं लागतं, तिथेच वेग मरतो. सहा-आठ कॅमेरे एकदम थोडंथोडं लिहितात तेव्हा या कॅशची २५६ ही मूळ किंमत पुरत नाही.

रूट होऊन सिस, ब्लॉक, एमडी०, एमडी अशा फोल्डरांत जा आणि स्ट्राइप-कॅश-साइझ या फाइलमध्ये इकोनं ४०९६ लिहा. मेमरीचा हिशेब: ४०९६ गुणिले ४ केबी गुणिले ४ डिस्क, म्हणजे ६४ एमबी. कमाल ३२७६८ चालतं, पण ते अर्धा जीबी खातं. ८१९२ च्या वर फरक दिसत नसेल तर मागे या. (रेड-१ किंवा १० वर ही फाइलच नसते, शोधत बसू नका.)

डीडी या कमांडनं वेग मोजताना एफडेटासिंक (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचा पर्याय) लावा आणि फाइल रॅमच्या दुप्पट घ्या, नाहीतर तुम्ही रॅमचाच वेग मोजाल.

रीबूट झालं की आकडा परत २५६ वर येतो. सकाळी वेग होता, दुपारी गेला, याचं कारण हेच. यूडेव्हच्या (डिस्क दिसताच सेटिंग आपोआप लावणाऱ्या) नियमात नवा आकडा टाकून ठेवा.

वेगासाठी बिटमॅप (कोणत्या भागात लिखाण चालू होतं याची नोंद) काढून टाका असा सल्ला मिळेल. तुमच्याकडे तो ऐकू नका: बिटमॅप नसला तर प्रत्येक झटक्यानंतर पूर्ण ४ टीबीचं रिसिंक होतं, सेकंदाला १५० एमबी धरले तरी सात तासांवर. त्यापेक्षा बिटमॅपचा चंक ६४ एमबीवरून १२८ करा. एमडीएडीएममध्ये बिटमॅप आधी ‘नन’ करून जुना काढा, मग ‘इंटर्नल’ देऊन नवा लावा.

स्ट्राइप कॅश वाढवल्यानं लाइन जाण्याचा धोका वाढत नाही, कारण डिस्कवर गेल्याशिवाय लिखाण झालं असं ती सांगत नाही. डिस्कची स्वतःची राइट कॅश मात्र तसं सांगते. एचडीपार्म या कमांडनं ती चालू करण्याआधी इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पहा. साध्या मोडवर बदली होताना मशीन रीस्टार्ट होऊ शकते.