शर्ट घेताना आधी उलटा करून बघा

तुम्ही विचारलंय की सेलमधले चारशे-पाचशेचे ऑफिस शर्ट चार धुण्यांत चिंधी होतात, तर सरळ दोन हजारांचे ब्रँडेड घ्यावेत का. माझं मत सांगतो: किंमत आणि लेबल दोन्ही बाजूला ठेवा आणि शर्ट उलटा करा.

बाजूची शिवण बघा. नुसतं ओव्हरलॉक (कापलेल्या कडेवरून धाग्यांचा वेढा) मारून सोडलंय, की कड आत दुमडून वरून दुसरी टीप घातलीय? दुमडलेली असेल तर धागे सुटत नाहीत, काखेत उसवत नाही. मग एका इंचात टाके मोजा. बारा-चौदा असतील तर काम चांगलं. सात-आठ असतील तर कारखान्याने वेळ वाचवलाय. टाका मोठा ठेवला की शिवण भराभर संपते. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ताणा, मध्ये फटी दिसल्या तर शर्ट परत रॅकवर. काजाचे धागे दुकानातच लोंबत असतील तर पुढचं बघायचीही गरज नाही.

चौकडीचा शर्ट असेल तर दोन्ही बाजूंचा रंग ताडून बघा. उलटी बाजू फिकी असेल तर चौकडी छापलेली, लवकर विटते. सारखीच दिसत असेल तर बहुधा रंगवलेल्या सुतातून विणलेली. कापड बोटांत चोळल्यावर पांढरी भुकटी पडली तर तो कडकपणा खळीचा. पहिल्या धुण्यात जाईल आणि खालून विरविरीत कापड निघेल.

कॉलरचं मात्र दुकानात कळत नाही. ती ताठ राहावी म्हणून आत उष्णतेने चिकटवलेलं अस्तर, म्हणजे फ्युजिंग, असतं. कापड आटतं, ते आटत नाही, गोंद सुटतो आणि कॉलरवर फुगे येतात. दोन हजारांच्या शर्टालाही येतात.

ब्रँड महाग म्हणजे शिवणाऱ्याला पैसे बरे मिळत असतील, असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर विसंबू नका. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या कारखान्यांत पाश्चात्त्य बाजारातल्या नावाजलेल्या ब्रँडांचे कपडे शिवले जात होते.

त्यामुळे रोजच्या शर्टांसाठी मी तरी कापड घेऊन टेलरकडेच जातो. ५८ इंची पन्ह्यात (म्हणजे कापडाच्या रुंदीत) पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं, ३६ इंचीत अडीचच्या आसपास. यंत्रमागावरचं साधं सुती पॉपलीन फार महाग नसतं. शहरात कापडापेक्षा शिलाईच जास्त होते, पण ती शिलाई वसूल होते. सुती आहे की मिश्र, अशी शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळा: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. कापड टेलरकडे देण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, म्हणजे काय आटायचं ते आटून घेईल. बाजूला इंचभर मार्जिन सोडायला सांगा. पोट सुटलं की शर्ट उसवून वाढवता येतो. (सुटतंच.) उरलेला तुकडा मागून घ्या. कॉलर घडीवर विरली की पूर्वी लोक ती काढून उलटी बसवून घेत. जुने टेलर अजूनही करून देतात, आणि उलटीही विरली तर नव्या कॉलरला हाच तुकडा कामी येतो.

टी-शर्ट आणि बनियन तयारच घ्या, ते टेलरचं काम नाही. फक्त टी-शर्टाची बाजूची शिवण सरळ खाली येते का बघा. नवा असतानाच ती पोटाकडे वळत असेल तर धुतल्यावर आणखी फिरेल.

आणि एकदम पाच शर्टांचं कापड टाकू नका. आधी एकच शिवा, महिनाभर वापरा, चार-पाच वेळा धुवा. खांदा, काख, कॉलर ठीक राहिले तर त्याच मापावर बाकीचे.