रेडिंगच्या त्या घरातला गुरगुरणारा बॉयलर

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची नोकरी इंग्लंडमधल्या रेडिंगला ठरली आहे, जानेवारीत मुलीला घेऊन निघायचंय, आणि एजंटने व्हिडिओवर दाखवलेल्या भाड्याच्या घरात बॉयलर (घर आणि नळाचं पाणी तापवणारं गॅसचं यंत्र) गुरगुरत होता. एजंट म्हणाला, जुन्या घरात एवढं चालायचंच. घर घ्यावं का आणि तिकडे एकटं पडायला होतं का, हे तुमचे दोन प्रश्न. व्हिसा, बँक, जीपी म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. बॉयलरबद्दल मात्र मला बोलू द्या. आमच्याही घरात असाच होता, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी आवाज कुठून येतोय ते बघायचं. रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवायला भिंतीवर लावलेल्या गरम पाण्याच्या पॅनेलमध्ये, गुळगुळ होत असेल आणि तो वरून गार, खालून गरम लागत असेल, तर आत हवा अडकली आहे. हे घरच्या घरी होतं. हीटिंग बंद करून सगळं निवू द्यायचं, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या स्क्रूला चावी लावून थोडीशी उलटी फिरवायची, खाली फडकं धरायचं. फुस्स करून हवा जाते, पाणी आलं की लगेच बंद. मग बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. गार असताना तो 1 ते 1.5 बारच्या मध्ये हवा. उतरला असेल तर पाणी भरून वाढवता येतो, पण सारखा सारखा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि दर वेळी भरून ती थांबत नाही.

रेडिएटर उलटा, म्हणजे खालून गार असेल, तर तळाशी गाळ बसलाय. हवा काढून काही होत नाही.

तुम्ही सांगताय तो गुरगुराट मात्र बहुतेक बॉयलरच्या पोटातला. रेडिंगकडचं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यात क्षार भरपूर. बॉयलर ज्या भागात पाणी तापवतो तिथे क्षारांचा आणि गाळाचा थर बसला की पाणी नीट फिरत नाही, जागच्या जागी उकळतं, बुडबुडे होतात आणि फुटतात. उकळायला लागलेल्या किटलीचा आवाज आठवा. बॉयलर त्याने लगेच बंद पडत नाही, पण गॅस जास्त खातो आणि आयुष्य घटतं. मँचेस्टरला किंवा ग्लासगोला पाण्यात क्षार कमी, तिथल्या लोकांना हे फारसं माहीत नसतं. फरशीखालून टकटक येत असेल तर ती तापून पसरणाऱ्या तांब्याच्या पाइपांची, सोडून द्या. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुळगुळ करून बंद पडला, तर बाहेर जाणारा पाण्याचा बारीक पाइप गोठलाय का बघा आणि त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

बॉयलरचं झाकण मात्र आपण उघडायचं नाही. ते फक्त गॅस सेफकडे, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंद असलेल्या इंजिनीअरचं काम. आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म जागेवर आहे का, तो वाजतो का, हे पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा.

हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी असते, तिथल्या 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम 11. गॅसची तपासणीही दर वर्षी व्हावी लागते आणि तिचा कागद घरात शिरण्याआधी तुमच्या हातात यायला हवा. पण हा कागद सांगतो की गॅस सुरक्षित आहे. रेडिएटरमध्ये गाळ आहे का, रात्री झोप लागते का, हे त्यात नसतं. आम्ही तक्रार केली की आमचा एजंट तोच कागद पुढे करायचा. त्यांचा ऑनलाइन फॉर्म तर फोटो जोडल्याशिवाय पुढेच सरकत नसे. आवाजाचा फोटो! मी भिंतीचा फोटो लावला. तक्रार आपोआप 'निकाली' निघाली.

मग आम्ही ते घर का सोडलं नाही म्हणाल, तर मुलाची शाळा. जवळच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत आमचा नंबर घराच्या अंतरावर ठरत होता, लांब गेलो असतो तर मागे पडलो असतो. शेवटी प्रवेश मिळाला, तर घरची भाषा मराठी लिहिली म्हणून त्याला इंग्रजी कच्चं असणाऱ्या मुलांत बसवलं. इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा, घडाघडा वाचणारा. कोणी एक पान वाचून घेतलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा बाई गोड हसल्या. ते हसणं अजून डोक्यात जातं.

एकटं पडायला होतं का? हो. नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत, आणि नोव्हेंबरात चारला अंधार. शेवटी एकदाचा इंजिनीअर आला. त्याने रेडिएटरला वर हात लावला, खाली लावला, एक कडेचा सोडवून ट्रेमध्ये पाणी काढलं. शाईसारखं काळं. आतलं लोखंड गंजून असं होतं, म्हणाला, आणि बोटावर तो चिखल घेऊन मला दाखवला. चहा पिताना त्याने माझ्या मुलाचं नाव विचारलं आणि दोन-तीनदा म्हणून बघून नीट उच्चारलं. फ्लशिंगला, म्हणजे आतला गाळ धुऊन काढायला, परत यावं लागेल म्हणाला तेव्हा मला आनंद झाला, बॉयलरसाठी नाही. काम संपल्यावर घर शांत झालं, तर त्याला फोन करायला काही कारण उरलं नाही याचं वाईट वाटलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

घर आवडलं असेल तर घ्या. पण एजंटला व्हिडिओवर हीटिंग आणि गरम पाण्याचा नळ दोन्ही चालू करायला लावा, बॉयलरपाशी थांबायला सांगा, आणि दुरुस्ती कधी करून देणार ते सही करण्याआधी मेलवर घ्या. फोनवरचं धरू नका. शाळेचा अर्ज कोणत्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे, करायचा हेही पत्त्यावरून आधी बघा. अर्ली, वुडली ही रेडिंगला चिकटून असली तरी वोकिंगहॅम कौन्सिलमध्ये येतात, आणि पश्चिमेकडचं कॅलकट वेस्ट बर्कशायरमध्ये.