शाळेतली, दोन विरुद्ध स्वभावांच्या मुलांची प्रेमकथा हवी आहे. बॉइज लव्ह मांगा (मुलामुलांमधल्या प्रेमाच्या जपानी चित्रकथा) पहिल्यांदाच वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

आसुमिको नाकामुरा यांच्या ‘दोक्यूसेई’पासूनच सुरुवात करा. मुलांच्या शाळेतला अभ्यासू, चष्मेवाला साजो आणि बँडमध्ये गिटार वाजवणारा, सोनेरी केसांचा कुसाकाबे हे दोघे एकाच वर्गात असूनही एकमेकांना जवळजवळ अनोळखी. समूहगायनाच्या तालमीत साजो गात नाही हे कुसाकाबेच्या लक्षात येतं. पुढे साजो रिकाम्या वर्गात एकटाच सराव करताना दिसतो, आणि कुसाकाबे त्याला शिकवायला लागतो. मी हे नवख्यांना सुचवते, कारण इथे विरोध नुसता दिसण्यापुरता नाही: एकाच्या मनात येतं ते लगेच ओठांवर, दुसरा प्रत्येक शब्द आतल्या आत घोळवत बसतो, आणि अडचणी त्यातूनच उभ्या राहतात. रेषा बारीक, चौकटींत भरपूर मोकळी जागा. त्यामुळे संकोच अक्षरशः दिसतो. पुढची गोष्ट ‘सोत्सुग्योसेई’च्या दोन भागांत आहे, तेही वाचाच. आधी चव घ्यायची असेल तर ‘दोक्यूसेई’वरचा 2016 चा तासाभराचा अ‍ॅनिमेशनपट आहे. एक सांगून ठेवते: एका शिक्षकाला साजोबद्दल आकर्षण वाटतं असा धागा कथेत आहे, तो काहींना खटकेल.