सनद खुंटीला टांगू नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वकिली बंद करून आमदारकीच्या तयारीला लागतोस म्हणे. लाग की, पण वकिली सोडायची घाई कशाला? आमदाराने वकिली करायला कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निकालच दिलाय.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख बघ. वकील माणूस. शेतकरी कामगार पक्षाकडून १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. लोकांना अकरा हा आकडा आठवतो, मला मधले दोन पराभव : १९७२ आणि १९९५. दुसरा तर अवघ्या १९२ मतांनी, म्हणजे एखाद्या वस्तीएवढ्या मतांनी. १९९९ ला ते परत निवडून आले. पण मधल्या काळात माणूस काय करतो? मी जिल्हा परिषदेला पडलो तेव्हा दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती, म्हणून घराबाहेर तरी पडलो.

सभागृहात तुझ्या उपयोगी पडेल ते वाचन. भाषणं ठोकणारे तिथे पैशाला पासरी. विधेयक हातात आलं की आधी क्रियापदं शोध. ‘शासन भरपाई देईल’ आणि ‘शासनास भरपाई देता येईल’ यातलं अंतर, म्हणजे पहिलं बंधन आणि दुसरं मर्जी, तुला कळतं, शेजारच्या बाकावर कळेलच असं नाही. ‘देता येईल’ घेऊन शेतकरी कोर्टात गेला की बहुधा हात हलवत परत येतो. आणि ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ दिसलं की समज, खरी मेख पुढे मंत्रालयात, नियमांत मारली जाणार. तिथे दुरुस्ती सुचव. बहुतेक फेटाळतील. तरी सुचव, कामकाजाच्या नोंदीत राहते.

एक खोड मात्र कोर्टातच ठेवून जा. पक्षकार आला की आपण आधी कागद मागतो. रेशनकार्डाचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या म्हातारीची उलटतपासणी घेऊ नकोस. हातातली पिशवी तरी खाली ठेवू दे तिला. शिवाय वकीलपत्र नाकारता येतं. ज्यानं तुझ्याविरुद्ध मत दिलं, त्याला दारातून परत पाठवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ये. जुनी विधेयकं कपाटातून काढून ठेवलीत. समासातल्या लाल पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या पुसू नकोस.

तुझा,
वकीलकाका