मोडीत घालू नका, आधी उलटून बघा

प्रश्न : काका, माझे सासरे 1983 ते 86 अल्जेरियात नोकरीला होते. सासूबाईंच्या पेटीत तिकडून आणलेल्या दोन त्रिकोणी पिना निघाल्या, मधे साखळी. वर निळा, हिरवा, पिवळा रंग आणि लाल खडे. एका सराफानं नुसतं बघूनच ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून परत दिलं, दुसऱ्यानं टंच (शुद्धता) कमी म्हणून खोटं ठरवलं. हे आहे तरी काय? आणि काळं पडलंय ते कसं काढू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फोटो भिंगाखाली धरून बघितला. हे कबाईल लोकांचं काम. उत्तर अल्जेरियात जुर्जुराचे डोंगर आहेत, तिथल्या बेनी येन्नीचे कारागीर चांदीवरच्या मिन्यासाठी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगासाठी, नावाजलेले. आपण त्यांना बर्बर म्हणतो, ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. मराठीत ‘बर्बर’चा अर्थ काय होतो ते बघता त्यांचंच नाव बरं. बायका अशी जोडी खांद्याशी लावून अंगावरचं लोकरी वस्त्र अडकवायच्या. त्यांच्यातच तबझिम्त नावाचा मोठा गोल दागिना असतो. मुलगा झाला की बाळंतीण तो कपाळावर मिरवायची, मुलगी झाली तर छातीवर. घ्या, तिथेही तेच!

टंच कमी म्हणून खोटं, हे मला पटत नाही. डोंगरातला कारागीर चांदी आणणार कुठून? नाणी वितळवून. फ्रेंचांचं पाच फ्रँकचं चांदीचं नाणं 90 टंचाचं, 1866 नंतरची एक-दोन फ्रँकची 83.5. आमच्या हुपरीच्या मापानं ही चांदी हलकी ठरेल, पण चांदीच आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त, निकेल असतं, चांदीचा कणही नसतो.

साखळी सुटी होत असेल तर घरीच बघा. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी कोरड्या साखळीचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि साखळी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा. तळाला टेकू देऊ नका, कड्यांत अडकलेले बुडबुडे हलवून काढा. 42 ग्रॅमची साखळी असेल तर चांदीला काटा चारच्या जरा वर दाखवेल, जर्मन सिल्व्हरला 4.8च्या आसपास. मिना आणि लाल खडे असलेल्या पिनांवर हा हिशेब चालत नाही, त्यांचं वजन आड येतं.

मग पिना उलटून बघा. जुन्या चांगल्या कामात बऱ्याचदा पाठीलाही मिना असतो. जी बाजू अंगाला लागणार, कोणाला दिसणार नाही, तिच्यावरही कारागीर जीव ओततो. घाईच्या कामात पाठ कोरी.

लाल आहेत ते खडे नव्हेत, पोवळी. अर्थात सगळी खरी असतीलच असं नाही, स्वस्तातल्या कामात लाल सेल्युलॉइडही (एक जुनं प्लास्टिक) बसवतात. पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेषा दिसतात. तापल्या सुईची परीक्षा कोणी सुचवली तर ऐकू नका, सेल्युलॉइड भस्सकन पेटतं.

आता काळेपणा. उमेदवारीत असताना एका गिऱ्हाइकाचा पोवळ्यांचा चांदीचा हार मी चिंचेच्या पाण्यात टाकून जेवायला गेलो. येऊन बघतो तर चांदी लख्ख आणि पोवळी खडूसारखी. आंबटानं पोवळं विरघळतं, हे त्या दिवशी कळलं. मालकांनी पोवळ्यांची किंमत माझ्या पगारातून कापली, रास्तच होतं. तेव्हा चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाजारातलं चांदी उजळायचं डिप, ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा, यातलं काहीही नको. गरम पाणीही नको. पोवळं कोंदणात मेणा-राळेवर बसवलेलं असलं तर सुटून हातात येईल. मऊ सुती कापडानं उंचवट्यावरची चांदी तेवढी पुसा. खोबणीतला काळा राहू द्या, तारेची नक्षी त्याच्यामुळेच उठून दिसते. ठेवताना रबर बँड, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको, मलमलीत गुंडाळा.

फोटोत एका पिनेची टोचणी वाकलेली दिसते. ती तशीच असू द्या. ‘कथलाचा डाग देतो, पाच मिनिटांत होईल’ (डाग म्हणजे धातू वितळवून दिलेला जोड) असं कोणी म्हणालं तर दागिना उचला आणि घरी या. त्या आचेनं मिना तडकतो, आणि पुढे कधी कोणी चांदीचा डाग द्यायला गेलं की तेच कथील तापून चांदी खातं.