आवाज 'स्लो' होत नाही, बारीक होतो

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या कॉम्प्युटरचा आवाज फार कमी यायला लागला, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोनवर 'आवाज स्लो येतोय' असं सांगितलं. त्याला वाटलं गाणी रेंगाळत वाजतायत. त्याने साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला लावला. तासभर गेला, आवाज तेवढाच. 'स्लो आवाज' म्हणणं चूक का, असं त्या विचारतात.

चूकच. 'टीव्ही स्लो कर', 'मोबाइल स्लो कर' ऐकून कान किटले आहेत. स्लो म्हणजे काय हे ठाणेकरांना तरी सांगावं लागू नये. कळवा, मुंब्रा घेत जाते ती स्लो लोकल. तिचा भोंगा फास्टपेक्षा बारीक नसतो.

चुकीचं मूळ मात्र आपल्याच शब्दात आहे. मराठीत 'हळू चाल' आणि 'हळू बोल', दोन्हीकडे 'हळू' चालतो. मनात 'हळू' असतो, तोंडातून त्याच्या जागी 'स्लो' येतो, आणि त्या बिचाऱ्या इंग्रजी शब्दाला यातलं वेगाचं एकच काम येतं.

आता हा 'हळू' बघा. संस्कृत 'लघु' म्हणजे हलका, प्राकृतात 'लहु', मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि झाला 'हलु'. १२व्या शतकात हेमचंद्र या जैन आचार्याने प्राकृत व्याकरणात 'लघुक'ची 'हलुअ' आणि 'लहुअ' अशी दोन्ही रूपं दिली आहेत. आणि शेजार कोणाचा! अक्षरांची अशी अदलाबदल सांगणाऱ्या त्याच सूत्रांच्या ओळीत 'अचलपुर'चं 'अलचपुर' आहे आणि 'महाराष्ट्र'चं 'मरहट्ठ' आहे. ज्या उलटापालटीने 'मराठा' घडला, तिनेच 'हळू' घडवला!

पण संस्कृतात 'लघु'चा एक अर्थ चपळ असाही आहे, 'हस्तलाघव' आठवा. मग चपळाचा मंद कसा झाला? माझं मत असं: मधला दुवा आवाजाचा आहे. वजन कमी, म्हणून पाऊल हलकं पडतं. पाऊल हलकं, म्हणून वाजत नाही. आणि न वाजवता चालायचं तर माणूस सावकाशच चालणार. झोपलेल्या बाळाच्या पाळण्याजवळून जाताना बघा. म्हणजे 'हळू' आधी आवाजाचा, नंतर वेगाचा.

नौपाड्यातले एक निवृत्त शिक्षक 'हळू' हा 'हलणे'पासून आला असं ठासून सांगतात. मग त्यात ळ कुठून आला? 'हलणे' प्राकृत 'हल्ल'पासून, तिथे जोड ल्ल आहे आणि मराठीत त्याचा ल राहतो. दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा ळ होतो. 'हळू'त तोच आहे. एवढा नियम न बघता व्युत्पत्ती सांगू नये.

तर ताई, 'आवाज बारीक येतोय' म्हणा. गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर 'दबका', वाढवल्यावर चिरकला तर 'फाटतोय'. प्रत्येक शब्दाला बिघाड वेगळा, ऐकणाऱ्याला निम्मं निदान तिथेच कळतं. आणि व्हिडिओ कॉल सुरू केला की बाकीचा आवाज बारीक होतो का, तेही बघा. कॉल चालू आहे असं वाटलं की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवतं. कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडच्या जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' उघडून 'डू नथिंग' निवडा.